आप्पांवर लॅकरचा एक हात

आप्पांचं तोंड काळं झालं होतं.

मिशी नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर चढली होती, गॉगल गालांवरून खाली ओघळला होता आणि मधल्या वाटेत दोघं एकमेकांत मिसळून गेले होते. कडेकडेनं जांभळी झाक. फूटभर उंचीचे आप्पा वर्तमानपत्रावर उभे होते. एका हातात माईक, पांढराशुभ्र शर्ट, वर जाकीट, आणि मानेच्या वर नुसता डांबराचा गोळा.

सकाळचे साडेआठ वाजले होते. अकरा वाजता आप्पांची एकसष्टी होती. खऱ्या आप्पांची.

"अण्णा," मी म्हणाले, "काय केलंत हे?"

माझे वडील स्टुलावर बसून ब्रश धूत होते. "लॅकरचा एक हात मारला. काम असं सुकं सुकं द्यायचं नसतं कुणाला. बघ, चमक आली का नाही?"

चमक आली होती. काळं तोंड आरशासारखं चमकत होतं.

आमच्या तालुक्यात कुणाचं तोंड काळं करायचं म्हणजे मोर्चा लागतो, घोषणा लागतात, शाईची बाटली लागते आणि बघायला पोलीस लागतात. महिन्याभरापूर्वीच दुधाच्या दरावरून विरोधी गटानं दूध संघाच्या मॅनेजरला शाई फासली होती, तर तीन दिवस बाजारपेठ बंद होती. आम्ही तेच काम गाळ्यात बसून, दोन माणसांत, बिनघोषणा उरकलं होतं. तेही मॅनेजरचं नाही, चेअरमनचं. तेही वाढदिवसाला. आणि वर लॅकर मारून पक्कं केलं होतं.

चेअरमन म्हणजे हिंदुराव डुबल, सगळ्यांचे आप्पा. गाळा त्यांच्या दूध संघाचा. एसटी स्टँडसमोरच्या संघाच्या इमारतीत बावीस वर्षं अण्णांचं 'रंगसंगम आर्ट्स' होतं. अख्खं गाव अण्णांना पेंटर म्हणायचं. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरमागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, सगळं त्यांच्या हातचं. गाळ्याचा करार संपत आला होता आणि आप्पांच्या पुतण्याला तिथं मोबाईलचं दुकान काढायचं होतं. तेव्हा आमच्याकडं पोपट बाबर आले. पोपटराव आप्पांचा उजवा हात. आप्पा डावखुरे होते, ती गोष्ट वेगळी.

"पेंटर, एकसष्टीला सगळे तलवारी देतात, गदा देतात," पोपटराव म्हणाले होते. "आप्पांच्या घरात आता चालायला जागा नाही, परवा गदेला अडकून वहिनी पडल्या. तुमची पोरगी ते प्लॅस्टिकचे बाहुले रंगवती ना? तसा आप्पांचाच करा एक. आप्पा खूश झाले तर गाळ्याचा शब्द मी टाकतो. नाही झाले तर पुतण्या टेप घेऊन माप घ्यायला बसलाच आहे."

म्हणून मी यात्रेतून आणून ठेवलेला एक पैलवान काढला. परदेशी योद्धा. सोनेरी केस, निळे डोळे, फुगलेली छाती, अंगावर नुसता लंगोट, मुठीत तलवार. तलवार काढून त्याच मुठीत माईक दिला. केस तासले. छाती झाकायला कापडाचा शर्ट शिवला आणि एमसीलचं पोट लावलं. मग रंग.

मार्करचं मला तोवर तीन बाहुले नासवून कळलं होतं. आता माझ्या वर्कशॉपमध्ये नवीन मुली येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. पर्मनंट मार्कर प्लॅस्टिकवर झटकन बसतो आणि दिसतो झकास, पण त्याच्यावर थिनरवालं काही लागलं की जागा सोडतो. म्हणून आप्पांचं सगळं अंग, चेहरा, मी ॲक्रिलिकनं रंगवलं होतं. पातळ पातळ चार थर. वरून पाण्यात मिसळणारं मॅट वॉर्निश. काम तीन दिवस चाललं आणि आदल्या दिवशी दुपारी संपलं. आप्पा हुबेहूब आप्पा दिसत होते. घोटाळा तिथंच झाला.

संध्याकाळी पोपटराव बघायला आले आणि त्यांचा चेहरा पडला.

"ताई, हे आप्पा?"

"हो की."

"आप्पांचं पोट एवढं आहे?"

"याच्या दीडपट आहे. मी कमी केलंय."

"अजून करा. आणि ही मिशी आहे का भुवई घसरून खाली आलीय?"

"फोटोत आहे तेवढीच आहे, पोपटराव."

"आहे तेवढी बघायला फोटो आहे की! कलाकारानं माणसाच्या मनातली मिशी काढायची असती. पेंटर, शिकवलं नाही का हिला? आणि गॉगल कुठाय? गॉगलशिवाय आप्पा म्हणजे... कुणीही वाटायला लागलेत."

अण्णा स्टुलावरून नुसते बघत होते.

पुन्हा ॲक्रिलिक काढायचं, थर द्यायचे, सुकवायचे, तर सकाळ उजाडली असती. पोपटराव डोक्यावर उभे. मी मार्कर उचलला. मिशी वाढवली. "अजून," पोपटराव म्हणाले. अजून वाढवली. "टोकाला जरा वर वळवा. वळवा की!" वळवली. गॉगल काढला. आप्पा आता एखाद्या बसवर दरोडा घालायला निघाल्यासारखे दिसत होते. पोपटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हां. हे आप्पा."

ते गेल्यावर मी अण्णांना बजावलं, "मार्कर आहे हा. याला लॅकर नाही, वॉर्निश नाही, काही नाही. असाच राहू दे. हात लावू नका."

"नाही लावत," अण्णा म्हणाले होते.

आणि आता सकाळी साडेआठला ते ब्रश धूत होते.

"तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"अगं, चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला."

भांडायला वेळ नव्हता. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसायला सुरुवात केली. गॉगल निघाला. मिशी निघाली. मला जरा धीर आला. मग हळूच आप्पांचा रंगही निघाला. आधी नाक, मग गाल, मग कपाळ. लॅकरनं खालचे चारही थर मऊ करून ठेवले होते, ते सालपटासारखे बोळ्याबरोबर आले. आणि आतून तो परदेशी पैलवान बाहेर आला. गुलाबी गाल, निळे डोळे. पांढरा शर्ट, जाकीट, पोट, हातात माईक, आणि वर हे तोंड. तीन दिवस त्याला कोंडून ठेवल्याचा राग त्याच्या डोळ्यांत दिसत होता.

अण्णांनी मान तिरकी करून पाहिलं. "उजळलेत आप्पा."

"अण्णा, हसू नका. गाळा जाईल."

"मी कुठं हसतोय?"

नऊ वाजले आणि लाईट गेली. नऊ ते बारा लोडशेडिंग. म्हणजे पंखा नाही, शेजारच्या सलूनवाल्याचं केस वाळवायचं मशीन नाही. मी उंबऱ्यात उजेडाला बसले आणि ॲक्रिलिकचा ब्रश फिरवला. रंग तोंडावर बसेचना. चिकट लॅकरवर पाण्याचा रंग, थेंब थेंब होऊन गोळा व्हायला लागला. आप्पांना देवी आल्यासारखं दिसायला लागलं. पुसलं. पुन्हा लावलं. पुन्हा देवी.

शेजारी ठक्क करून आवाज झाला. अण्णांनी इनॅमलचा डबा ठेवला होता, ट्रॅक्टरवर नावं घालायचा.

"हे धरतं कशावरही."

"धरतं हो. पण सुकायला संध्याकाळ होईल."

"मग होऊ दे संध्याकाळ."

"एकसष्टी अकराला आहे!"

"पुढच्या वर्षी बासष्टी आहेच की," अण्णा म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला स्टोव्हकडं वळले.

मला त्यांचा फार राग आला. बावीस वर्षांचा गाळा जायची वेळ आली होती आणि हा माणूस आलं किसत होता. मी इनॅमल घेतलं. पिवळा, तांबडा, पांढरा मिसळून कातडीचा रंग केला, अख्खं तोंड एका हातात झाकलं. निळे डोळे दोनदा झाकूनही खालून बघतच होते, त्यांच्यावर गॉगल चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा पोपटरावांचे मनातल्या मनात आभार मानले. मग मिशी. मोठी, काळी, टोकाला वळलेली. पावणेदहा.

तोंड ओलं गच्च होतं. बोट लावलं तर बोट काळं होणार.

चहा उतरला होता. स्टोव्ह चालूच होता. मी वर तवा ठेवला, तो तापू दिला आणि पायांना धरून आप्पांना तव्याच्या वर हातभर अंतरावर आडवं धरलं, तोंड खाली करून. एक मिनिट. दोन मिनिटं. रंगावर साय धरल्यासारखी झाली. जमतंय असं वाटलं.

"वैजे," अण्णा म्हणाले.

"थांबा हो."

"वैजे, मान बघ."

आप्पांची मान हळूहळू खाली चालली होती. गृहपाठ न केलेल्या पोरासारखी. मी झटक्यात बाजूला घेतलं, तांब्यातलं पाणी मानेवर ओतलं. मान थांबली. पण जिथं होती तिथंच थांबली. मी उभं केलं, तर आप्पा माईक हातात धरून स्वतःच्या चपलांकडं बघत होते.

वर करायला गेले असते तर तोंडाला हात लावावा लागला असता. आणि तोंडावर वर साय, आत सगळं ओलं.

बाहेर जीप थांबली.

"ताई! पेंटर! झालं का? आप्पांचं औक्षण सुरू झालं!"

पोपटराव आत आले ते अत्तरात बुडवून काढल्यासारखे. मी पटकन आप्पांना खोक्यात उभं केलं. खोक्याची पुढची बाजू पारदर्शक होती. पोपटराव खाली वाकले, बघितलं, आणि बघतच राहिले.

"मान खाली का?"

अण्णांनी कपबशी खाली ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस खरं सांगून मोकळा होणार. म्हणून मीच बोलले, "नम्र आहेत."

"कोण?"

"आप्पा. जनतेपुढं नम्र."

"नम्र," पोपटराव म्हणाले. नवीन रोगाचं नाव ऐकल्यासारखं त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. "आप्पा... नम्र. बरं. निवेदकाला सांगतो, भाषणात घ्यायला."

"आणि पोपटराव, तोंडाला हात लावू नका. कुणीच. खोक्यातच राहू द्या."

"अहो, आप्पांच्या तोंडाला हात लावायची छाती आहे का कुणाची तालुक्यात?" ते हसले आणि त्यांनी खोकं उचललं.

संघाच्या हॉलमध्ये चारशे माणसं होती. जनरेटरवर माईक चालला होता. आप्पांची दूधतुला झाली होती, म्हणजे तराजूच्या एका पारड्यात आप्पा आणि दुसऱ्यात दूध पावडरच्या पिशव्या. एकसष्ट बायकांनी औक्षण केल्यामुळं आप्पांच्या कपाळावर कुंकवाचा थर बसला होता. मला स्टेजवर बोलावलं, नारळ दिला, शाल घातली. अण्णा खाली पहिल्या रांगेच्या कडेला उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"आणि आता," निवेदक म्हणाला, "नम्रतेचा हिमालय असलेल्या आपल्या लाडक्या आप्पांची ही नम्र प्रतिकृती!"

आप्पांनी खोकं पाहिलं. त्यांना आवडलं असावं, कारण ते चक्क हसले. मग पोपटरावांनी खोकं उघडलं.

"पोपटराव, नको," मी म्हणाले. जनरेटरच्या आवाजात मलाही ते ऐकू आलं नाही.

आप्पांनी उजव्या हातानं बाहुला बाहेर काढला. उंच धरला. टाळ्या. कॅमेरे. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"मान का खाली याची?"

"नम्रता, आप्पा," पोपटराव म्हणाले.

"हॅट! आपण कधी मान खाली घातलीय?" आणि त्यांनी डाव्या हाताचा अंगठा बाहुल्याच्या मिशीखाली लावला आणि हनुवटी वर उचलली.

मला दिसलं. साय फाटली, अर्धी मिशी अंगठ्याला लागली. मान कट्कन वर आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पा खूश झाले. आणि आप्पा खूश झाले की जे करायचे तेच त्यांनी केलं. त्याच अंगठ्यानं स्वतःच्या मिशीला पीळ दिला, अंगठा तसाच गालावरून फिरवत कानापर्यंत नेला.

टाळ्या थांबल्या. कुणीतरी नळ बंद करावा तशा थांबल्या.

ओठापासून कानापर्यंत आप्पांच्या तोंडाला काळं लागलं होतं. चांगलं दोन बोटं रुंद.

चारशे माणसांनी ते पाहिलं आणि चारशे माणसं एकाच वेळी छताकडं बघायला लागली. स्टेजवरचे संचालक चपला बघायला लागले. पोपटरावांचा आ वासलेला राहिला. खरं म्हणजे सांगायचं फक्त एवढंच होतं, की आप्पा, तुमच्या तोंडाला काळं लागलंय. पण हे वाक्य तालुक्यात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं आणि त्या दिवशी कुणाला सुरुवात करायची नव्हती.

शांतता पसरली ती आपल्या आदरानं, असं वाटून आप्पांनी बाहुला टेबलावर ठेवला आणि माईक उजव्या हातात घेतला.

"मित्रहो! चाळीस वर्षं मी राजकारणात आहे." मिशीला पीळ. दुसऱ्या गालावरही एक रेघ उमटली. "चाळीस वर्षांत माझ्या अंगावर एक डाग कुणी दाखवावा!"

कुणी दाखवला नाही.

"दाखवा!" आप्पा गरजले. "आहे कुणाची हिंमत?"

मागं कुठंतरी एक पोर रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. पोपटराव एकटेच टाळ्या वाजवत सुटले. ते माझ्याजवळ सरकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "ताई, काय घातलंयत त्यात?"

"इनॅमल."

"निघतं का?"

"घासलेटनं. नाहीतर थिनरनं."

"मेलो," पोपटराव म्हणाले.

भाषण चालू होतं आणि दर वाक्याला आप्पा काळे होत होते. दुधाला भाव दिला, पीळ. रस्ता केला, पीळ. विरोधकांचं डिपॉझिट घालवलं, दोन्ही बाजूंना पीळ. फोटोग्राफर लोकांना काय करावं कळत नव्हतं. त्यांतला एक जण, विरोधी गटाच्या पेपरचा, मात्र थांबतच नव्हता. फ्लॅश, फ्लॅश. मला वाटलं, हे आत्ता थांबवलं नाही तर गाळा राहू दे, आम्हाला गावात राहता येणार नाही. मी पुढं झाले.

"आप्पा..."

"बोल पोरी!" आप्पांनी माईक माझ्या तोंडासमोर धरला. "लाजू नको. कलाकार आहेस तू. मनात आहे ते बोल."

हॉलभर माझा श्वास ऐकू आला. खरंच, माईकमधून ऐकू आला. चारशे चेहरे माझ्याकडं, आणि आप्पांचा काळा चेहरा वीतभर अंतरावर, प्रेमानं बघत. मी तोंड उघडलं.

"वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या, सुटकेच्या. आणि त्या टाळ्यांत अण्णा स्टेजच्या पायऱ्या चढून वर आले. त्यांच्या खांद्यावर कायम असायचं तसं फडकं होतं, रंगानं कडक झालेलं. त्यांनी खिशातून थिनरची छोटी बाटली काढली, फडक्यावर ओतली आणि सरळ आप्पांसमोर जाऊन उभे राहिले.

"पेंटर?" आप्पा म्हणाले.

"जरा इकडं बघा," अण्णा म्हणाले. आणि त्यांनी आप्पांची हनुवटी दोन बोटांत धरली.

चारशे माणसांनी श्वास आत घेतला. अण्णांनी एक गाल पुसला. फडक्याची घडी बदलली. दुसरा गाल पुसला. घाई नाही, काही नाही, दुकानाच्या पाटीवरचा ओघळ टिपावा तसं. आप्पा पुतळ्यासारखे उभे. मग अण्णांनी फडकं खाली घेतलं आणि आप्पांना ते दिसलं.

"काय होतं?" आप्पांनी विचारलं. माईक अजून चालू होता.

"काळा रंग."

"कुणी लावला?"

"तुम्हीच."

आप्पांनी अंगठा बघितला. बाहुल्याची अर्धी मिशी बघितली. खालची चारशे माणसं बघितली, जी अर्धा तास छताकडं बघत होती. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून पाहिला, म्हणून सांगते. एका क्षणात तो माणूस साठ वर्षांनी म्हातारा झाला आणि पुढच्या क्षणाला परत आप्पा झाला.

"बघा!" ते माईकमध्ये हसले. "एकसष्टीला पेंटरनं आपल्याला नवा रंग दिला!"

हॉल फुटल्यासारखा हसला. शिट्ट्या. आप्पांनी अण्णांना मिठी मारली, फोटोग्राफर धावले. मिठीतच आप्पांनी माईक तळव्यानं झाकला. मी शेजारीच होते.

"पंधरवड्यात गाळा मोकळा कर," कॅमेऱ्याकडं हसत बघत आप्पा म्हणाले. "आणि पोरीला घेऊन मागच्या दारानं निघ."

दुसऱ्या दिवशी विरोधी पेपरात फोटो आला, पहिल्या पानावर, रंगीत. तिसऱ्या दिवशी त्याचे फ्लेक्स लागले. चौथ्या दिवशी पुतण्या टेप घेऊन आला आणि आमच्या डोळ्यांदेखत फर्निचरची मापं घेऊन गेला.

पंधराव्या दिवशी आम्ही गाळा रिकामा केला. डबे, ब्रश, अक्षरांचे पत्रे, बावीस वर्षांचं सगळं एका टेम्पोत बसलं. शेवटी पाटी राहिली. अण्णा शिडीवर चढून स्क्रू काढत होते, मी खाली शिडी धरली होती. मी सकाळपासून दहा वेळा गिळलेला प्रश्न विचारला.

"अण्णा, लॅकरनं मार्कर फुटतो, हे तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?"

त्यांनी एक स्क्रू काढून खिशात टाकला.

"मार्कर कधी वापरलाय मी? मला काय ठाऊक," ते म्हणाले. दुसरा स्क्रू गंजला होता, त्याला त्यांनी दोन फटके मारले. "पण तू 'हात लावू नका' म्हणालीस ना, तेव्हा कळलं कुठं हात लावायचा ते."

मी वर बघत राहिले.

"म्हणजे मुद्दाम?"

"पाच निवडणुकांत मी त्या आप्पाच्या भिंती रंगवल्या, वैजे. प्रत्येक वेळी पोपट मागं उभा. पेंटर, मिशी वाढवा. दर वेळी मी एक बोट वाढवली. त्या संध्याकाळी तू मार्कर घेतलास, पोपट म्हणाला अजून, आणि तुझा हात वळला." त्यांनी हवेत हात वळवून दाखवला. "असाच. माझाच हात होता तो. रात्रभर झोप लागली नाही मला."

"पण गाळा, अण्णा!"

"गाळा राहिला असता. तूही राहिली असतीस, मिशा वाढवत." स्क्रू सुटला. "मला वाटलं होतं, नुसता बाहुला नासेल, ते शिव्या देतील, विषय संपेल. एवढा तमाशा होईल असं नव्हतं वाटलं. धर पाटी, जड आहे."

मी पाटी धरली. दोघांनी मिळून ती टेम्पोत आडवी ठेवली. मला रागावायचं होतं, आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. अण्णा टेम्पोवाल्याशेजारी जाऊन बसले. किल्ली द्यायला मी एकटीच संघाच्या ऑफिसात गेले.

पोपटराव टेबलामागं होते. मला बघून त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"ताई, बरं झालं आलात. एक अडचण झालीय." ते कुजबुजायला लागले. "तो बाहुला. आप्पांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात आहे. अर्धी मिशी पुसलेली, तोंडावर काळं, तसाच."

"अजून? फेकून द्यायचा की."

"कुणी फेकायचा? आप्पाच आहेत ना ते! शिपायाला सांगितलं कचऱ्यात टाक, तर म्हणतो लेखी द्या. धुवायला सांगितलं, तर म्हणतो आप्पांच्या तोंडाला हात लावायला मला पेन्शन घालवायची नाही. रोज सकाळी हार मात्र घालतो. आप्पा केबिनमध्ये येतात, बघतात, काही बोलत नाहीत. आम्हीही बोलत नाही. पंधरा दिवस झाले ताई, मला रात्री तो दिसतो." त्यांनी माझ्या हातातल्या किल्लीकडं पाहिलं. "तुम्ही फक्त तोंड नीट करून द्या. पहिल्यासारखं. मिशी मोठी, गॉगल, सगळं. किल्ली ठेवून घ्या तुमच्याकडं. पुतण्याला मी दुसरा गाळा बघतो. आप्पांशी बोलणं झालंय माझं."

"आप्पा हो म्हणाले?"

"नाही म्हणाले नाहीत."

खिडकीतून टेम्पो दिसत होता. अण्णा कपाळाला हात लावून उन्हात बसले होते, इकडं बघत नव्हते.

"किती वेळ लागेल?" पोपटरावांनी विचारलं. त्यांनी कपाटाची किल्लीही काढून ठेवली होती, दोन्ही किल्ल्या टेबलावर शेजारी शेजारी येतील अशी.

"पोपटराव," मी म्हणाले, "खाली ॲक्रिलिक, त्यावर लॅकर, त्यावर इनॅमल, आणि ते ओलं असताना आप्पांचा अंगठा. आता त्या तोंडावर काहीच धरणार नाही."

"काहीच?"

"काहीच. असंच राहणार ते."

पोपटरावांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

खोटं होतं ते. थिनरचं एक फडकं आणि अर्धा तास, बास झाला असता. मी गाळ्याची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली, दार उघडलं आणि टेम्पोत मागं रंगाच्या डब्यांवर जाऊन बसले.